मार्कस रॅशफर्ड : ब्रिटिश सरकारला दोनदा निर्णय फिरवायला लावणारा फुटबॉलपटू

२० ऑक्टोबर २०२०. मंगळवारची रात्र. पॅरिसमध्ये चॅम्पियन्स लीगचा सामना सुरू होता. मँचेस्टर युनायटेड आणि पॅरिस सेंट जर्मेन १-१ असे बरोबरीत अडकले होते. ८७व्या मिनिटाला मार्कस रॅशफर्डनं जमिनीलगत फटका मारला आणि युनायटेड जिंकलं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, लंडनमध्ये ब्रिटनच्या संसदेत एका प्रस्तावावर मतदान झालं. प्रस्ताव विरोधी मजूर पक्षाचा होता, पण तो जिच्यामुळे आला ती मोहीम होती याच रॅशफर्डची. शाळेत ज्या गरीब मुलांना फुकट जेवण मिळतं, त्यांना शाळेच्या सुट्टीतही जेवणाची मदत द्या, एवढीच मागणी. प्रस्ताव ३२२ विरुद्ध २६१ मतांनी पडला.

सतरा दिवसांनी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी रॅशफर्डला फोन केला. सरकार मदत द्यायला तयार होतं.

रॅशफर्ड तेव्हा नुकताच २३ वर्षांचा झाला होता. आणि सरकारनं त्याच्यामुळे आपला निर्णय फिरवण्याची ही पहिली नाही, दुसरी वेळ होती. पाच महिन्यांपूर्वी जूनमध्येही हेच घडलं होतं.

खेळाडूंनी दानधर्म करणं आपल्याला नवीन नाही. चेक देतात, फोटो निघतो, बातमी होते. यात वाईट काही नाही. पण रॅशफर्डचं प्रकरण वेगळं आहे, कारण त्यानं मदत गोळा केली आणि तिथं न थांबता नियम बदला असं सांगितलं. हा नियम नेमका काय होता, तो बदलायला काय काय लागलं आणि त्याची एक मागणी पूर्ण व्हायला पाच वर्षं का गेली, हे समजून घेऊ. त्यासाठी आधी तो मुलगा कोण हे बघावं लागेल.

पाच भावंडांतला धाकटा

मार्कस रॅशफर्डचा जन्म ३१ ऑक्टोबर १९९७ चा, मँचेस्टरचा. शहराच्या दक्षिणेकडच्या विदिंग्टन आणि विदनशॉ या भागांत तो वाढला. पाच भावंडांमध्ये सगळ्यात धाकटा. घर चालवायला आई एकटी. मेलनी मेनार्ड हे त्यांचं नाव. किमान वेतनाच्या कामावर भागत नव्हतं म्हणून त्या एकापेक्षा जास्त नोकऱ्या करायच्या.

पोटात भूक असताना मुलांना सांगायचं नाही, त्यांना वाढायचं आणि आपण जेवलो असं भासवायचं, हे आपल्याकडच्या अनेक घरांना ठाऊक आहे. ब्रिटनसारख्या श्रीमंत देशातही अशी घरं आहेत, हे मात्र आपल्याला चटकन खरं वाटत नाही. रॅशफर्डनं पुढे खासदारांना लिहिलेल्या पत्रात घरची परिस्थिती काहीही न लपवता सांगितली. सकाळचा नाश्ता शाळेच्या ब्रेकफास्ट क्लबमध्ये, दुपारचं जेवण शाळेतलं मोफत, बाकी शेजाऱ्यांचा आणि प्रशिक्षकांचा आधार. नाताळचं जेवण आणायला हे कुटुंब दरवर्षी नॉर्दर्न मूर या भागात जायचं, जिथं गरजूंना ते फुकट मिळायचं.

पाचव्या वर्षी तो फ्लेचर मॉस रेंजर्स या स्थानिक क्लबकडून खेळायला लागला. मँचेस्टरमधल्या फुटबॉलमध्ये हे छोट्या मुलांचं नावाजलेलं ठिकाण. सातव्या वर्षी मँचेस्टर युनायटेडच्या अकादमीनं त्याला घेतलं.

इथं एक गोष्ट झाली, जी मला त्याच्या सगळ्या गोल्सपेक्षा जास्त लक्षात राहिली. युनायटेडची शाळकरी खेळाडूंसाठी एक योजना होती. तिच्यात निवडलेल्या मुलांची राहण्याची आणि जेवणाची सोय क्लब करायचा. मार्कसला तिथं वयाच्या अकराव्या वर्षी घेण्यात आलं, इतर मुलांपेक्षा लवकर. त्यासाठी आईनंच पाठपुरावा केला होता. पोराचा खेळ सुधारेल हे होतंच, पण तिथं तो वेळेवर आणि पोटभर जेवेल, हा हिशोबही होता. म्हणजे फुटबॉल अकादमी हे या घरासाठी जेवणाची सोय लावण्याचंही एक ठिकाण होतं.

दुसऱ्याच्या दुखापतीनं उघडलेलं दार

२५ फेब्रुवारी २०१६. युरोपा लीगमध्ये युनायटेडची गाठ डेन्मार्कच्या मिटीलँड या क्लबशी होती. पहिला सामना युनायटेड हरलं होतं. संघात दुखापतींची रांग लागलेली. त्यात सामन्याआधी सराव करताना आंतोनी मार्सियाललाही दुखापत झाली आणि प्रशिक्षक लुई व्हान खाल यांनी १८ वर्षांच्या रॅशफर्डला थेट पहिल्या अकरांत उतरवलं. त्यानं दोन गोल केले. युनायटेड ५-१ नं जिंकलं.

तीन दिवसांनी प्रीमियर लीगमधलं पदार्पण, समोर आर्सेनल. पुन्हा दोन गोल, शिवाय एका गोलसाठी पास. महिन्याभरात मँचेस्टर सिटीविरुद्ध एकमेव विजयी गोल. मे महिन्यात इंग्लंडकडून पहिला सामना ऑस्ट्रेलियाविरुद्ध, आणि तिसऱ्याच मिनिटाला गोल. फेब्रुवारीपर्यंत ज्याचं नाव युनायटेडच्या कट्टर चाहत्यांपलीकडे कुणाला माहीत नव्हतं, तो जूनमध्ये युरो स्पर्धेच्या संघात होता.

पुढच्या काही वर्षांत त्यानं एफए कप, लीग कप, युरोपा लीग अशी विजेतेपदं पाहिली. मार्च २०१९ मध्ये पॅरिसमध्ये इंज्युरी टाइमला त्यानं मारलेली पेनल्टी युनायटेडचे चाहते आजही सांगतात. घरच्या मैदानावर ०-२ नं हरलेला संघ त्या पेनल्टीमुळे ३-१ नं जिंकून, प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरच्या जास्त गोलांच्या जोरावर पुढे गेला होता.

मग जानेवारी २०२० मध्ये वुल्व्हजविरुद्धच्या सामन्यात त्याच्या पाठीच्या दुखण्यानं उचल खाल्ली. तपासणीत पाठीच्या हाडाला ताणामुळे दोन ठिकाणी फ्रॅक्चर झाल्याचं दिसलं. हंगाम जवळपास संपला असंच सगळ्यांना वाटलं. तो घरी बसला. दोन महिन्यांत सगळं जगच घरी बसलं.

शाळा बंद, म्हणजे जेवण बंद

२० मार्च २०२० ला ब्रिटनमधल्या शाळा बंद झाल्या. रॅशफर्डनं सांगितल्याप्रमाणे त्याच्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की जी मुलं शाळेत जेवतात ती आता काय खाणार?

इथं इंग्लंडमधली पद्धत थोडी समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं भांडण तिच्यावरच आहे.

आपल्याकडे सरकारी आणि अनुदानित शाळेत पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलाला पोषण आहार मिळतो. खिचडीच्या रांगेत उभं राहायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. इंग्लंडमध्ये शाळेच्या पहिल्या तीन वर्षांत, म्हणजे साधारण सात वर्षांपर्यंत, सगळ्यांना जेवण मोफत असतं. त्यानंतर मात्र पालकांचं उत्पन्न बघितलं जातं. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना तिथं 'युनिव्हर्सल क्रेडिट' नावाचा सरकारी भत्ता मिळतो. पण तो मिळतो म्हणून मुलाला जेवण फुकट मिळेलच असं नाही. २०१८ पासून नियम असा होता, की भत्ता सोडून घराची कमाई, कर वजा जाता, वर्षाला ७,४०० पौंडांपेक्षा कमी असली तरच जेवण मोफत. घरात मूल एक असो की चार, आकडा तोच. थोडी जास्त पाळी केली, कमाई दोनशे पौंडांनी वाढली आणि मुलाचं जेवण गेलं, असं होऊ शकायचं.

आणि जी मुलं पात्र होती, त्यांनाही जेवण फक्त शाळेच्या दिवसांत. सुट्टी लागली की घरातला जेवणाचा खर्च अचानक वाढणार. ज्या आईचं गणित आठवड्याच्या पाच दुपारच्या जेवणांवर बसलेलं असतं, तिच्यासाठी सहा आठवड्यांची उन्हाळी सुट्टी ही सुट्टी नसते.

जाता जाता, हा प्रश्न त्याच आठवड्यात भारतातही उभा राहिला होता. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळा बंद असताना मध्यान्ह भोजनाचं काय, याची स्वतःहून दखल घेतली. महाराष्ट्रात पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्यं पालकांना वाटण्यात आली.

रॅशफर्ड 'फेअरशेअर' या संस्थेबरोबर काम करू लागला. दुकानं आणि कंपन्यांकडे उरलेलं, चांगल्या स्थितीतलं अन्न गोळा करून ते स्थानिक संस्थांपर्यंत पोहोचवणं हे फेअरशेअरचं काम. सुरुवात मँचेस्टरपासून झाली, मग ते देशभर गेलं. काही आठवड्यांत सुमारे २ कोटी पौंडांची मदत उभी राहिली. त्या वेळच्या दरानं १९० कोटी रुपयांच्या आसपास.

बहुतेकांची गोष्ट इथं संपली असती. रॅशफर्डच्या लक्षात आलं, की उन्हाळी सुट्टी जवळ आलीय आणि सरकार शाळा बंदच्या काळात देत असलेली आठवड्याला १५ पौंडांची जेवणाची कुपनं सुट्टीत बंद होणार आहेत. देणगी कितीही जमली तरी ती १३ लाख मुलांना सहा आठवडे पुरणार नव्हती.

एक पत्र आणि पाण्याच्या नळावरून झालेला वाद

१५ जून २०२० ला त्यानं सगळ्या खासदारांना उद्देशून खुलं पत्र लिहिलं. पत्रात राजकीय पक्षांवर टीका नव्हती. आपल्या घरची परिस्थिती होती, आईची मेहनत होती आणि एक साधा मुद्दा होता: आई कितीही राबली तरी ही व्यवस्था आमच्यासारख्या कुटुंबांनी वर यावं यासाठी बनलेलीच नव्हती. मी फुटबॉल खेळू शकलो म्हणून सुटलो. ज्यांना फुटबॉल येत नाही त्यांनी काय करायचं?

सरकारनं आधी नकारच दिला. १६ जूनच्या सकाळी रॅशफर्डनं ट्वीट्स करायला सुरुवात केली. आज अंघोळीला शॉवर सुरू कराल तेव्हा, लॉकडाऊनमध्ये ज्यांचं पाणी तोडलं गेलं त्या पालकांचा विचार करा, अशा आशयाचं एक ट्वीट होतं. त्यावर मंत्री थेरेझ कॉफी यांनी उत्तर दिलं, की घरांचं पाणी तोडता येत नाही. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर असेलही. पण पोरांच्या भुकेबद्दल बोलणाऱ्या माणसाची पाणीपट्टीच्या नियमावरून चूक काढणं लोकांना अजिबात रुचलं नाही.

तोवर सत्ताधारी हुजूर पक्षाचे काही खासदारही रॅशफर्डच्या बाजूनं बोलू लागले होते. दुपारपर्यंत सरकारनं निर्णय बदलला. उन्हाळ्यासाठी १२ कोटी पौंडांचा निधी, सहा आठवड्यांची कुपनं, सुमारे १३ लाख मुलं. जॉन्सन यांनी रॅशफर्डला फोन करून त्याचं अभिनंदन केलं आणि संध्याकाळी पत्रकारांना सांगितलं, की या मोहिमेबद्दल त्यांना अगदी नुकतंच, म्हणजे त्याच दिवशी कळलं. ज्या बातमीनं देश दोन दिवस ढवळून निघाला होता, ती पंतप्रधानांना माहीत नव्हती यावर कुणाचा किती विश्वास बसला, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

तीन दिवसांनी युनायटेडचा लॉकडाऊननंतरचा पहिला सामना होता. हंगाम लांबल्यामुळे पाठ बरी व्हायला वेळ मिळाला होता आणि रॅशफर्ड मैदानात होता. त्या हंगामात त्याचे एकूण २२ गोल झाले.

तीन मागण्या

जूनचा विजय तात्पुरता होता. एका उन्हाळ्यापुरता. दर सुट्टीला एखाद्या फुटबॉलपटूनं ट्वीट करायचं आणि सरकारनं माघार घ्यायची, असं तर चालणार नव्हतं.

म्हणून सप्टेंबर २०२० मध्ये त्यानं मोठी सुपरमार्केट्स, खाद्य कंपन्या आणि सामाजिक संस्थांना एकत्र आणून एक कृतिगट बनवला. त्यांनी स्वतःच्या मनानं मागण्या काढल्या नाहीत, हे महत्त्वाचं. उद्योजक हेन्री डिम्बलबी यांच्या नेतृत्वाखाली सरकारनंच नेमलेल्या 'राष्ट्रीय अन्न धोरण' अभ्यासाचा पहिला अहवाल जुलैमध्ये आला होता. त्यातल्या तीन शिफारशी उचलल्या. पहिली, युनिव्हर्सल क्रेडिट किंवा तशी मदत घेणाऱ्या प्रत्येक घरातल्या शाळकरी मुलाला मोफत जेवण. दुसरी, सुट्टीत जेवण आणि खेळ पुरवणारी योजना काही भागांपुरती न ठेवता सगळीकडे. तिसरी, गरोदर महिला आणि लहान मुलांना दूध, फळं, भाज्या घेण्यासाठी मिळणारी 'हेल्दी स्टार्ट' कुपनं आठवड्याला ३.१० पौंडांवरून ४.२५ पौंडांची करणं आणि ती जास्त घरांना देणं.

या मागण्यांच्या ऑनलाइन याचिकेवर ११ लाखांहून जास्त सह्या झाल्या.

आणि तरी २१ ऑक्टोबरच्या मतदानात, सुरुवातीला सांगितलं तसं, सरकार ठाम राहिलं. सरकारचं म्हणणं असं, की गरीब कुटुंबांना मदत भत्त्यातून आणि स्थानिक परिषदांमार्फत द्यावी, सुट्टीत मुलांना जेवू घालणं हे शाळांचं काम नाही. हा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. कल्याणकारी मदत कुठल्या खात्यातून जावी यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण भत्ता पुरत नाही म्हणून तर हा प्रश्न उभा राहिला होता. हुजूर पक्षाच्या पाच खासदारांनी सरकारच्या विरोधात मत दिलं. त्यांतल्या कॅरोलाइन अँसेल यांनी आपलं सरकारी पदही सोडलं. वेल्सनं तर त्याआधीच सुट्ट्यांतल्या जेवणाची सोय जाहीर केली होती.

त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत जे झालं ते मी आजवर सोशल मीडियावर पाहिलेल्या चांगल्या गोष्टींपैकी एक. रॅशफर्डनं सरकारला शिव्या घातल्या नाहीत. उलट खासदारांना शिवीगाळ करू नका, असं आपल्या समर्थकांना बजावलं. आणि मग एकामागून एक पोस्ट शेअर करत सुटला. अमुक गावातला कॅफे सुट्टीत मुलांना डबे देणार. तमुक ठिकाणचा पब. फिश अँड चिप्सची गाडी. एखादी नगरपालिका. लॉकडाऊननं ज्यांचा स्वतःचा धंदा बसला होता ते हॉटेलवाले सांगत होते, की या आणि घेऊन जा, काही विचारणार नाही. त्याचं अकाउंट म्हणजे इंग्लंडभरच्या जेवणाची यादी झालं. लोकांनी त्याचे नकाशे बनवले.

पुढच्या बुधवारी, २८ ऑक्टोबरला, चॅम्पियन्स लीगमध्ये लाइपझिगविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून ६३व्या मिनिटाला उतरला आणि शेवटच्या वीस मिनिटांत हॅटट्रिक केली. युनायटेडच्या मुख्य संघाकडून त्याची ती पहिलीच.

७ नोव्हेंबरला युनायटेडनं एव्हर्टनला त्यांच्या मैदानावर हरवलं, आणि त्या संध्याकाळी जॉन्सन यांचा तो फोन आला. हिवाळ्यासाठी १७ कोटी पौंड स्थानिक परिषदांमार्फत. सुट्टीतल्या जेवण आणि उपक्रमांच्या योजनेला २२ कोटी पौंड, ती २०२१ मध्ये इंग्लंडभर. हेल्दी स्टार्ट कुपनं एप्रिल २०२१ पासून ४.२५ पौंडांची.

म्हणजे दुसरी मागणी मान्य झाली, तिसरीतली कुपनांची वाढही मिळाली. पहिली बाकी राहिली. ती सगळ्यात मोठी होती, कारण तिच्यात ७,४०० पौंडांची ती रेषाच पुसायची होती.

दोन गाजरं, दोन बटाटे

कागदावरची योजना आणि ताटातलं जेवण यात किती अंतर असतं ते जानेवारी २०२१ मध्ये दिसलं. शाळा पुन्हा बंद झाल्या होत्या आणि काही ठिकाणी कुपनांऐवजी अन्नाची पाकिटं घरपोच दिली जात होती. एका आईनं आपल्याला मिळालेल्या वस्तू जमिनीवर मांडून फोटो ट्विटरवर टाकला. एक पाव, बीन्सचा डबा, दोन गाजरं, दोन बटाटे, थोडी फळं, चीजच्या चकत्या. ३० पौंडांच्या कुपनाऐवजी हे मिळालं, आणि बाजारात याची किंमत पाच पौंडांच्या आसपास भरते, असा तिचा हिशोब होता. पुरवठादार कंपनीनं हे पाकीट दहा नाही, पाच दिवसांचं असल्याचं सांगितलं, पण दर्जा कमी पडल्याचं मान्य करून माफी मागितली.

रॅशफर्डनं असे फोटो शेअर केले, पुन्हा पंतप्रधानांशी बोलला, आणि कुपनं परत सुरू झाली. आपल्याकडे शाळेतल्या तांदळाच्या दर्जावरून होणारे वाद ज्यांनी वाचलेत, त्यांना हा प्रकार अनोळखी वाटणार नाही.

याच काळात त्यानं शेफ टॉम केरिज यांच्याबरोबर कमी खर्चातले पदार्थ शिकवणारा उपक्रम केला, मुलांसाठी पुस्तकं लिहिली, गरीब मुलांपर्यंत मोफत पुस्तकं पोहोचवणारा बुक क्लब सुरू केला. त्याला 'एमबीई' हा ब्रिटिश सन्मान मिळाला, मँचेस्टर विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली. फेअरशेअरनं मँचेस्टरमधल्या नव्या गोदामाला नाव दिलं ते मात्र त्याचं नाही, आईचं: मेलनी मेनार्ड हाउस.

पोस्टला लागलेली पेनल्टी

११ जुलै २०२१. वेम्ब्ली. युरो स्पर्धेची अंतिम लढत, इंग्लंड विरुद्ध इटली. १-१ अशी बरोबरी. जादा वेळेच्या अगदी शेवटी, खास पेनल्टीसाठी म्हणून रॅशफर्डला मैदानात आणलं गेलं. त्यानं इटलीच्या गोलकीपरला चुकीच्या दिशेला पाठवलं, पण चेंडू पोस्टवर आदळला. जेडन सांचो आणि बुकायो साका यांच्या पेनल्ट्या अडवल्या गेल्या. इंग्लंड हरलं.

त्या रात्री या तिन्ही कृष्णवर्णीय खेळाडूंवर सोशल मीडियावरून वर्णद्वेषी शिव्यांचा मारा झाला. सत्ताधारी पक्षाच्या एका खासदारानं सहकाऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलं, की रॅशफर्डनं राजकारण करण्याऐवजी खेळ सुधारण्यात वेळ घालवायला हवा होता. ते बाहेर फुटल्यावर माफी मागावी लागली.

विदिंग्टनमधल्या एका कॅफेच्या भिंतीवर अक्से या चित्रकारानं रॅशफर्डचं मोठं चित्र काढलं होतं. सामन्यानंतर काही तासांत कुणीतरी त्यावर काहीबाही लिहून ते विद्रूप केलं. (भिंतीवरचा मजकूर वर्णद्वेषी स्वरूपाचा वाटत नाही, असं पोलिसांनी नंतर सांगितलं. ऑनलाइन शिवीगाळीबद्दल मात्र अशी शंका घ्यायला जागा नव्हती.) सकाळी लोक आले आणि तो मजकूर कागदी हृदयांनी, चिठ्ठ्यांनी, फुलांनी झाकायला लागले. लहान मुलांनी वाकड्यातिकड्या अक्षरांत पत्रं लिहून चिकटवली. काही दिवसांत भिंत दिसेनाशी झाली. पेनल्टी आणखी चांगली मारायला हवी होती याबद्दल माफी मागतो, पण मी कोण आहे आणि कुठून आलो याबद्दल कधीच मागणार नाही, असं रॅशफर्डनं लिहिलं.

मग खेळाचं काय झालं?

सरळ सांगायचं तर, चढउतार. २०२१-२२ च्या हंगामात खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याचे फक्त ५ गोल झाले आणि 'समाजसेवेनं खेळ बिघडवला' म्हणणाऱ्यांना आयतं निमित्त मिळालं. पुढच्याच हंगामात त्यानं ३० गोल केले, कतारच्या विश्वचषकात ३ गोल केले, लीग कप जिंकला. तेव्हा 'समाजसेवेनं खेळ सुधारला' असं मात्र कुणी म्हटलं नाही.

मग पुन्हा घसरण. २०२३-२४ मध्ये ८ गोल. बेलफास्टमधल्या एका रात्रीनंतर सराव चुकला आणि क्लबनं अंतर्गत कारवाई करून प्रकरण मिटवलं. युरो २०२४ च्या संघात जागा मिळाली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नवे प्रशिक्षक रुबेन आमोरिम यांनी त्याला मँचेस्टर डर्बीतून वगळलं आणि नव्या आव्हानासाठी आपण तयार असल्याचं तो बोलून गेला. सातव्या वर्षापासून ज्या क्लबमध्ये होता तिथून तो आधी ॲस्टन व्हिलाकडे आणि मग २०२५-२६ च्या हंगामासाठी बार्सिलोनाकडे तात्पुरत्या करारावर गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये न्यूकॅसलला हरवताना बार्सिलोनाचे दोन्ही गोल त्याचेच होते. युनायटेडसाठी त्याच्या नावावर ४२६ सामन्यांत १३८ गोल आहेत.

गेल्या काही वर्षांत तो सार्वजनिक प्रश्नांवर पूर्वीइतका बोलताना दिसत नाही. पूर्वीचे चाहते त्यावरून नाराजही असतात. मला ही नाराजी थोडी अन्यायाची वाटते. मुलांच्या जेवणाचं काम एका फॉरवर्डच्या फॉर्मवर अवलंबून राहावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याचं मूळ म्हणणंही तेच तर होतं.

आणि ती राहिलेली मागणी

पहिल्या मागणीचं काम नंतर शिक्षक संघटना, डॉक्टर, शाळांचे मुख्याध्यापक, अन्नहक्कावर काम करणाऱ्या संस्था यांनी चालू ठेवलं. सप्टेंबर २०२३ पासून लंडनच्या महापौरांनी शहरातल्या सरकारी प्राथमिक शाळांमधल्या सगळ्या मुलांना मोफत जेवण सुरू केलं. देशाचा नियम मात्र तोच राहिला. हुजूर पक्षाचे जॉन्सन गेले, लिझ ट्रस गेल्या, ऋषी सुनक गेले.

जून २०२५ मध्ये कीर स्टार्मर यांच्या मजूर सरकारनं जाहीर केलं, की सप्टेंबर २०२६ पासून इंग्लंडमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या प्रत्येक घरातलं मूल शाळेच्या मोफत जेवणाला पात्र असेल. कमाईची ७,४०० पौंडांची अट काढली जाईल. सरकारच्या अंदाजानुसार यामुळे ५ लाखांहून जास्त मुलं नव्यानं या जेवणाला पात्र ठरतील. ही मागणी रॅशफर्डच्या कृतिगटानं मांडली तेव्हा सात वर्षांचं असलेलं मूल आता माध्यमिक शाळेत आहे.